घर बघायला कधी जावं

दलाल नेतो सकाळी दहाला.
दहाला कुठलीही वस्ती बरी दिसते.
दारातली रांगोळी ताजी, शाळेच्या रिक्षा निघून गेलेल्या,
आणि ऊन अजून माणसात असतं.

मी म्हटलं, बिराजदार, मला दुपारी तीनला दाखवा.
मे महिना होता. ते हसले,
वहिनी, तीनला सोलापुरात कुत्रं बाहेर पडत नाही.
म्हणूनच, म्हटलं.

विजापूर रोडच्या आत, तिसरा मजला, वर थेट गच्ची.
आतल्या भिंतीला तळहात लावला आणि काढून घेतला.
भाकरी थापून चिकटवली असती
तर महिनाभर टिकेल अशी कडक झाली असती.
बिराजदार म्हणाले, पीओपी केलं की गार होतं.
राजेशमने वहीत लिहिलं : पीओपी. पुढे प्रश्नचिन्ह.

दुसरं घर जुळे सोलापुरात. दुसरा मजला.
पाण्याचं काय? – पाण्याचा प्रश्नच नाही, ताई.
प्रश्न नाही म्हणजे उत्तर कुणी देणार नाही,
एवढं मला भाड्याच्या सहा घरांनी शिकवलंय.
मी एकटीच परत गेले, पाण्याच्या दिवशी.
जिन्यात एक बाई पाइप खांद्यावर घेऊन उभ्या,
गाऊनवर टॉवेल, केसांना क्लिप.
त्यांनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही,
मोटर किती एचपीची आहे ते विचारलं.
मग सांगितलं सगळं :
चौथ्या दिवशी म्हणतात, पाचव्याला येतं,
रात्री दोनलाही येतं, तेव्हा मी बेल मारीन,
तळमजल्याचे होटकर चांगले, पण त्यांचा मेहुणा आला की
त्यांची टाकी आधी भरते.
हे कुठल्याच खरेदीखतात लिहिलेलं नसतं.

तिसऱ्यांदा गेलो रात्री. मामय्यांना घेऊन.

आम्ही राहायचो ते साखर पेठेच्या मागे, मागांच्या शेजारी.
मागांची धूळ आमच्या डाळीत, देवाच्या फोटोवर,
हारिकाच्या छातीत.
डॉक्टर म्हणाले होते, औषध मी देतो,
हवा तुम्ही बदला.
तिच्या वाफेच्या मशीनचा आवाज
मागांच्या खटखटीत बुडून जायचा
आणि मला कळायचं नाही, ती श्वास घेतेय की माग.

मामय्या एकेचाळीस वर्षं टॉवेल विणत होते.
एक कान गेला, दुसरा अर्धा.
त्या रिकाम्या हॉलमध्ये, नव्या रंगाच्या वासात
सतरंजीवर पडले जरा, राजेशम मापं घेत होता तोवर.
दहा मिनिटांत दचकून उठले.
दिवा चालू होता, तरी वर बघून विचारलं,
करंट पोयिंदा?
नाही मामय्या, करंट आहे.
मग माग का थांबले?

कुणीच बोललं नाही.
जाहिरातीत छापलं होतं, शांत परिसर.
शांत कुणासाठी, ते छापलं नव्हतं.

परतताना स्कूटरवर मी मध्ये, मामय्या मागे,
सात रस्त्याच्या सिग्नलला ते माझ्या खांद्याला धरून म्हणाले,
पोरगीचं बघा.
एवढंच. तेलुगूतून नाही, मराठीतून,
जणू हे दलालालाही कळायला हवं होतं.

घेतलं ते घर.
बारा हजार सातशे हप्ता, अठरा वर्षं.
हारिका आता जिना पळत चढते
आणि मी खालून उगाच ओरडते, हळू.

पहिल्या आठवड्यात मामय्या झोपले नाहीत.
दुसऱ्या आठवड्यात राजेशमने माळ्यावरून
जुना टेबल फॅन काढला,
ज्याचं एक पातं जाळीला घासतं.
लावला त्यांच्या उशाशी.
खट खट खट खट
आणि म्हातारा माणूस लहान पोरासारखा
तोंड उघडं टाकून झोपला.

परवा पाणी आलं पावणेतीनला. बेल वाजली.
पाइपवाल्या बाई दारात, आत कान देऊन म्हणाल्या,
अहो, तुमचा फॅन दुरुस्त करून घ्या की,
माझ्या ओळखीचा आहे एक.

हो म्हटलं.
आणि बादली लावली.